एकादशीचा दूधभात

मिरज, दवाखान्यात. माघातली एकादशी, १९६४

आज दूधभात खाल्ला. थोरल्या जाऊबाईंच्या डोळ्यांदेखत, वाटी अगदी पुसून.

परवा माझ्या हृदयाची आकसलेली झडप उघडणार आहेत, पण डॉक्टरांना धास्ती आहे ती पोटाची. सांधेदुखीच्या गोळ्या मी वर्षानुवर्षे गिळल्या, उपवासालाही, नुसत्या कोऱ्या चहावर. त्यातून पोटात व्रण झाला. ऑपरेशनच्या ताणानं तोच फुटून रक्त गेलं, तर उघडलेली झडप काय कामाची? म्हणून गोळ्या बंद, आणि उद्या रात्रीपर्यंत दर दोन तासांनी दूध किंवा दूधभात.

जाऊबाई दहिवडीहून आल्यात. माझ्यासाठीच एकादशी धरलेली. वाटी पाहून कडाडल्या, "आगं, आपरेशन तोंडावर आलंय आन् एकादशीला भात? देवाला काय सांगशील?"

"सांगेन, देवा, तुझ्या उपवासांपायी पोटाला भोक पडायची वेळ आली."

"लय शिकलीस कान्व्हेंटात!"

शिकलेच. तिथं वसतिगृहात ताप आला की सिस्टर जवळ बसून दूधभात भरवायच्या, वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. दुधाचा तो वास अजून... त्यानंतर माझ्या वाटीकडे कोणी पाहिलं? मी तरी पाहिलं का?

जाऊबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोन तासांनी मात्र त्यांनीच वाटी पुढं केली. "खा. माझी एकादशी हाय की. दोघींला पुरंल."

खाल्ला. पोट मी सांभाळलंय. छाती आता डॉक्टरांनी आणि देवानं वाटून घ्यावी.