गाडी चाकांवर उतरवूनच बोल्ट आवळण्याबाबत

परमेश्वराला स्मरून मी, काचवाल्यांची पत्नी, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घर सांभाळणे, हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास गेल्या महिन्याचं वाणसामान तोंडपाठ विचारावं. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मला दडपणारा अजून जन्माला यायचा आहे. मात्र अलीकडे दुपारी जपमाळ हातात असतानाच डोळा लागतो आणि मी बरीच लांब जाऊन येते. एखाद्या दुपारी परत यायचं राहून जाईल, म्हणून हे आजच.

१. राहतं घर थोरल्याला व सुनेला. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच कोणी बदलू नये. तिच्यात बुडबुडा आहे म्हणून गिऱ्हाइकाने ती नाकारली आणि ह्यांनी घरी आणून बसवली. सकाळी त्या बुडबुड्यातून उन्हाचा एक ठिपका भिंतीवर पडतो, आणि माझी भाजी निवडून होईतो सरकत सरकत देवापर्यंत पोचतो. इतकी वर्षं माझी पूजा त्यानेच सुरू केली आहे.

२. काचेचं दुकान धाकट्या मुलीला, म्हणजे चिमणीला. चालवतेही तीच. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी, माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा करून. तो खर्च बेताचा असावा. फुलं थोडी आणावीत. मी काही उठून बघणार नाही, पण मला कळेल.

३. मोठं पातेलं नणंदबाईंना. त्यांनी नेलं तेव्हा ते गोल होतं, परत आलं ते पोचा घेऊन. "आधीपासूनच होता गं वहिनी," म्हणाल्या. पोचा त्यांचा, तेव्हा पातेलंही त्यांचंच. माझ्या मनात काही नाही. जे थोडं आहे तेही पातेल्याबरोबर जावं.

४. जुनी पिकअप. ही शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे, चाकं अधांतरी. जुने बुश काढलेत, नवे घातलेले नाहीत, आणि त्या दिवसापासून थोरला व चिमणी एकमेकांशी बोलत नाहीत. गाडी खाली उतरणं आणि ह्या दोघांनी बोलणं, ही मी एकच मालमत्ता धरते आणि ती दोघांना मिळून देते.

बुश म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चाकं धरणारे दांडे आणि पाटे जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतात, तिथे बोल्टाभोवती बांगडीसारखी एक नळी असते. रस्त्याचा हादरा आधी ती खाते, मग उरलासुरला आपण.

ह्याच गाडीतून आम्ही काचा पोचवत असू. मागे लाकडी घोडीला तावदानं उभी बांधलेली आणि त्यांत आभाळ. झाडं मागे राहायची, ढग मात्र आमच्याबरोबर यायचे. झोपेत मी अजून त्याच गाडीत असते. खाली रस्ता नसतो, आवाज नसतो, काचांतून पाखरं आरपार जातात. हे पुढे बघत म्हणतात, "सांभाळून बस. माल आहे." माल कोणता ते मी विचारत नाही.

असो. थोरल्याचं म्हणणं, बुश पॉलीयुरेथेनचे घालू. कडक असतात, तेलाने फुगत नाहीत, गाडी वळणावर झुकत नाही. "आई, रबराच्या कितीतरी पट टिकतील. तू तर साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी, तुला तरी पटायला हवं."

चिमणी तिथेच शेडमध्ये बोल्ट आवळायचे पाने पुसत होती. "कडक बुशांवर काच नेऊन दाखव, दादा. तुकडे मी वेचीन."

"रबर घातलं होतं ना मागे? वर्षात फाटलं."

"फाटलं, कारण तू गाडी टांगलेली असतानाच बोल्ट आवळलेस."

हे ती बोलली ते ह्यांच्या तेराव्याला, चार नातेवाइकांदेखत. थोरला पांढराफटक पडला. म्हणाला, "मग बाबांनी मला का नाही सांगितलं?" आणि तो शेडमधून निघून गेला.

चिमणी खरं बोलली, पण वेळ चुकली. रबर लोखंडाला घट्ट धरून बसतं. ज्या स्थितीत बोल्ट आवळाल तीच त्याची विश्रांतीची जागा. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली येताच ते पिळवटतं आणि उभ्या गाडीतही पिळवटलेलंच राहतं. म्हणून हे आधी बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायचे, मला माझ्या जागेवर बसवायचे आणि मग खालच्या खड्ड्यात उतरून आवळायचे. "हलू नकोस गं, तुझ्या वजनावर बसवतोय." मी जप करत बसे.

थोरल्याने बुश बसवले ते हे अंथरुणाला खिळलेले असताना, बापाला बरं वाटावं म्हणून. ह्यांना चूक आवाजावरून कळली. मी म्हटलं, सांगा की त्याला. हे म्हणाले, "पोराने हौसेने केलंय, अंथरुणातून काय सांगायचं? उठलो की त्याला माझ्या जागेवर बसवतो आणि मी खाली जातो. बुडाखाली गाडी बसली की त्याचं त्यालाच कळेल." हे उठले नाहीत. थोरल्या, तुला उत्तर हवं होतं, ते हे आहे.

आता माझा निर्णय. वळणावर गाडी झुकू नये म्हणून पुढे जो आडवा दांडा असतो, त्याला थोरल्याचे कडक बुश घालावेत. तिथे त्याचं बरोबर आहे. बाकी सगळीकडे रबर. कमी टिकेल, मला ठाऊक आहे. काटकसर मी जन्मभर केली, पण हादरा खाणाऱ्याच्या बाबतीत कधी केली नाही. रबर झिजलं की ही दोघं पुन्हा शेडमध्ये येतील, हेही मी हिशेबात धरलंय.

आवळताना थोरल्याने बाबांच्या जागेवर बसावं. चिमणीने खड्ड्यात उतरावं. माझ्या जागेवर धान्याचं पोतं ठेवू नये, सुनेने बसावं. ती माझ्याच बांध्याची आहे, हे तिला आवडत नसलं तरी. खालून चिमणीने विचारावं, "दादा, बसलास का?" वरून त्याने म्हणावं, "बसलो. आवळ." एवढं बोलणं झालं की हे मृत्युपत्र अमलात आलं असं समजावं. बाकीची कलमं सावकाश झाली तरी चालतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: राहत्या घरातली शेडकडची खोली
दिनांक: सहीशेजारी डॉक्टरांच्या हातचा, आजचाच

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार:
(सही) घरचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. मला चहात साखर कमी घ्यायला सांगितलं.
(सही) गॅरेजचे मिस्त्री. रबरी बुश आणून शेडच्या फळीवर ठेवले आहेत.