दोन्ही कागदांवर एकच अक्षर

४ फेब्रु. १९९७, नेरूळ
मुक्ताला आणायला गेले तेव्हा फळा पुसलेला नव्हता. तिचं नाव, खाली रेघ, रेघेखाली अकरा फुल्या. तेवढ्या वेळा जागेवरून उठली. मु. म्हणते, "आजी, आज कमी आहेत. काल सोळा होत्या." तिसरीतलं पोर.

७ फेब्रु.
खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात दोन महिन्यांनी नंबर लागला. डॉ. म्हणाले, दांडगाई नाही, लाडही नाहीत. ए.डी.एच.डी., म्हणजे लक्ष आणि हातपाय एका जागी न ठरण्याचा आजार. उपचार आहेत. तिथेच रडू आलं. औषधाआधी दोन फॉर्म हवेत, एक घरचा, एक वर्गटीचरचा. "घर, शाळा, शेजार, तिघांनी मिळून करायचं काम आहे."
नितीनला, तिच्या बापाला, सांगितलं. "आई, मी पण शाळेत मार खायचो. काय चार अक्षरं घेऊन बसलीस?"

१२ फेब्रु.
टीचर : "साठ मुलं आहेत मला, आजी. फॉर्म ठेवून जा." प्रिं. बाई : "आम्ही लेखी दिलं तर उद्या सगळेच पालक कागद घेऊन येतील. त्यापेक्षा एप्रिलमध्ये दाखला काढा. तिच्यासाठीच बरं." किती गोड आवाज.

२० फेब्रु.
फॉर्म टीचरच्या कपाटात, कोरा. तिसरी खेप.
सोसायटीच्या बोर्डावर नोटीस : जिन्यात धावणाऱ्या मुलांच्या पालकांनी वगैरे. धावणारं मूल एकच. फक्त समोरच्या चव्हाण वहिनी, साताऱ्याकडच्या, म्हणाल्या, "द्या की हिकडं तिला. मटार सोलंल." तासभर सोलत बसली. म्हणजे शेजार झाला. शाळा राहिली.

४ मार्च
उद्या पुन्हा डॉ. टीचरनी फॉर्म तसाच परत दिला. दुपारी मीच भरला. खोटं काही नाही लिहिलं, सगळं ठाऊकच आहे. कॉन्व्हेंटमधलं ते तिरकं, जोडलेलं इंग्रजी अक्षर. त्याच अक्षरासाठी सिस्टरनी मला मॉनिटर केलं होतं. सही केली नाही, नुसतं 'क्लास टीचर' लिहिलं. तेवढीच लाज राखली.

५ मार्च
डॉ. वाचत होते. मु. खुर्चीवरून उठली आणि टेबलावर वाकली.
"हे टीचरने नाही लिहिलं. आजीने लिहिलं. काल, डाळ भिजत घातली तेव्हा."
कुणी विचारलंही नव्हतं. डॉ. नी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "अक्षर सुंदर आहे तुमचं." मान वर करवेना. मग म्हणाले, "मध्येच बोलून टाकते, हे दोन्ही फॉर्मवर लिहायचं राहिलं की."
कोरा फॉर्म दिला, प्रिं. ना पत्र दिलं. औषध नाही.
येताना मु. म्हणाली, "चुकलं का माझं?" नाही म्हटलं. खरं तेच होतं.

७ मार्च
प्रिं. नी पत्र न फोडता पेपरवेटखाली ठेवलं. "सोमवारी बघू."
बाहेर पडताना फळा दिसला. मु. चं नाव सुरेख अक्षरात. मॉनिटर कुणी गुणी मुलगी असणार.
आमच्या वर्गात फिलोमिना होती. पाय हलवायची, सारखी खिडकीशी जायची. शिंपल्यांची माळ करून दिली होती तिने मला. तिचं नाव रोज मीच लिहायचे, खाली रेघ मारून. सहावीत ती दिसली नाही. कुठे गेली, मी विचारलं नाही.
घरी आल्यावर मु. : "आजी, तुझं नाव असायचं फळ्यावर?"
"नाही."
"कधीच नाही? मग नावं लिहायचं कोण?"
सांगितलं तर उद्या वर्गभर करेल. अजून सांगितलेलं नाही.