शेवटचा पीळ

मंगळवार, ९ मार्च
कॉम्प्युटर म्हणतो, नेटवर्क कार्ड नाहीच. अरे, आहे! माझ्या डोळ्यांसमोर आहे. कालच डबा उघडून धूळ झाडली, कार्ड काढून पुसलं, परत बसवलं, स्क्रू आवळला. आज यादीत सगळं दिसतं — कीबोर्ड, माऊस — कार्ड तेवढं नाही. इंटरनेटची तार आता काय शोभेला लावायची?

रविवारी लेक तिच्या आईशी व्हिडिओवर बोलणार. साधा फोन हिच्या कामाचा नाही, ऐकूच येत नाही. पडद्यावर लेकीचे ओठ बघून ओळखते. आठवड्यातला तेवढा एक तास तिचा. तो माझ्या हातून जाता कामा नये.

बुधवार, १०
दुकानदार म्हणाला, ड्रायव्हर टाका — म्हणजे कार्ड ओळखायचा प्रोग्रॅम. त्याच्याकडूनच पेन ड्राइव्हवर आणून टाकला. दोनदा. दोन्ही वेळा तेच — कार्ड सापडलं नाही. टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला.
ही म्हणाली, "अहो, ओरडू नका. मला ऐकू येत नाही, पण शेजाऱ्यांना येतं."

गुरुवार, ११
"काका, कार्डच गेलंय. नवीन घ्या." घेतलं. बसवलं, आवळलं. तेही दिसेना. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला असेल. उद्या म्हणेल घर बदला.

शुक्रवार, १२
जावयाचा फोन. "बाबा, कार्ड नीट बसलंय ना? एकदा स्क्रू काढून बघा."
मला विचारतो! चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली, कुणी न शिकवता. माझ्या हातचा स्क्रू कधी ढिला निघाला नाही. फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं. माझं हे असंच — आधी राग, मग वाईट.

शनिवार, १३
जावयाला खोटं पाडायला डबा उघडला. बाजूने टॉर्च मारला. कार्डाचं स्क्रूकडचं टोक खाली दाबलेलं, आतलं टोक खाचेतून तांदळाच्या दाण्याएवढं वर. सवयीने शेवटचा पीळ मारतो ना मी — त्यानेच पलीकडची बाजू उचलली जात होती. शिलाई मशीन सोसतं, हे कसलं सोसणार.

स्क्रू काढला. अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबली, मग स्क्रू नुसता टेकवला. सुरू केलं — दिसलं. जुनं कार्ड लावून बघितलं, तेही ठणठणीत. पाच दिवस आख्ख्या जगाला शिव्या घातल्या मी.

जावयाला फोन केला. "तुमचं बरोबर होतं," म्हणालो, घसा खाकरत. तो हसला नाही. पोरगा गुणी आहे.

रविवार, १४
तासभर मायलेकी बोलल्या. मी नेहमीसारखा बाहेरच्या खोलीत — दोघींच्या मध्ये कशाला. नंतर समोर जाऊन विचारलं, काय म्हणाली?

हिने चष्मा पुसला. "सहा महिने झाले, पडद्यावर तिचे ओठ दिसत नाहीत मला. ती बोलते, मी मान हलवते. पुढच्या रविवारी जवळ बसा. ती काय म्हणते ते तुम्ही सांगा. तुमचे ओठ दिसतात."