दोन याद्यांतलं नाव

शिरड शहापूर
२९ जानेवारी २०२६

आदरणीय विहीणबाई सोजराबाई यांना,
जळबाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. शीतलचा उजवा घोटा भोपळ्यागत सुजलाय. ही खुशाली मुद्दाम पहिली कळवतो, कारण ती तुमच्या गावानं दिलेली भेट हाय.

फोन सोडून पत्र काहून लिहितोय म्हणाल. परवा फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुमी कट केला, आणि व्याह्याचा आवाज रेड्यागत हाय असं वरून रविंद्रला म्हणालात म्हणे. बरं, कागदाला आवाज नसतो. आणि कागदावरचं उद्या नाकारता येत न्हाई.

सव्वीस तारखेला औंढ्यात पोरींच्या कबड्डीची फायनल. एकतीस-एकतीस, जादा वेळही सरत आलेला, शेवटची चढाई माझ्या शीतलची. ती तुमच्या सिद्धेश्वरच्या पोरींत दम धरून उभी, आणि तुमी, तिची होणारी सासू, प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून वरडून राहिल्या की तंगडी धरा तिची, आडवी पाडा! डिसेंबरात साखरपुड्याला ह्याच पोरीला तुमी माझी लेक म्हणून साडी दिली. लेकीची तंगडी कोणती माय धरायला लावते? मग मैदानात पहिलं पाऊल तुमचं पडलं, तुमच्या मागं गाव घुसलं, अंधार झाला, चढाई अर्धीच राहिली. आता कमिटीनं फायनल परत ठेवली बावीस फेब्रुवारीला.

शीतलची माफी मागा, एवढंच मागणं. न्हाईतर बावीसला असं हरवू की तोंड लपवायला तुमच्या धरणाचं पाणी कमी पडंल.

रविंद्रला आशीर्वाद. त्याची काही चूक न्हाई, आई कुणाला निवडता येत न्हाई. आमचा लोभ आहेच. तुमच्याकडून थोडा आला तर आमी आडवं येणार न्हाई.

आपला,
जळबा

*

सिद्धेश्वर
२ फेब्रुवारी २०२६

मा. व्याही जळबा यांना,
सोजराबाईचा जय भीम. पत्र पावलं, वि. वि.

अंगणवाडीत मी तीस वर्षं लेकरांना माफी मागायला शिकवलं. कधी मागायची नाही, तेही शिकवलं. मैदानात मला सून दिसत नाही, समोरच्या गावची चढाईवाली दिसते. ती चांगली खेळते म्हणून तंगडी धरा म्हणाले. बावळट असती तर मी खाली बसून शेंगा खाल्ल्या असत्या.

आता तुमचं ऐका. एसटी डेपोत गाड्या मागं घ्यायला वाजवायचात ती शिट्टी तुम्ही गर्दीत बसून वाजवली. पंचांची समजून आमच्या दोन पोरी जागच्या जागी थांबल्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी शिट्टी खिशात! आणि पहिलं पाऊल तुमचंच पडलं, माझं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बरं, कामाचं लिहिते. कमिटीचा कागद नीट वाचा. नवी यादी वीस तारखेपर्यंत द्यायची आहे. खेळाडू त्याच गावची रहिवासी पाहिजे, आणि लग्न झालेली असेल तर सासरच्या गावची. म्हणून मी म्हणते, तीन मेचं लग्न पंधरा फेब्रुवारीला उरकू. आपल्यात मुहूर्त पाहत नाहीत, तेव्हा पंचांगाच्या आड लपायची सोय तुम्हाला नाही. तुमच्या गावच्या विहाराचं अंगण मोकळं आहे, भन्तेजींना विचारलं आहे. मग बावीसला शीतल आमच्याकडून खेळेल, आणि तिची तंगडी धरा म्हणून तुम्ही वरडा.

घोट्याला हळद आणि तुरटी लावा, उगाच मलमं चोळू नका. उत्तर लवकर द्या आणि दिलं तर सरळ द्या.

आपली,
सोजराबाई

*

शिरड शहापूर
६ फेब्रुवारी २०२६

विहीणबाईंना जय भीम. वि. वि.

तुमी सून नेऊन राहिल्या का खेळाडू पळवून? तुमची चिठ्ठी मी शीतलच्या मायला वाचून दाखवली. तिनं तव्यावरची भाकर करपवली.

आता पोटातलं लिहितो. माझी थोरली संगिता आठवते का? पकड धरायची तर समोरचीला हलू द्यायची न्हाई. हिंगोलीला दिली आणि खेळ संपला. तिचे बूट अजून माझ्या पत्र्याच्या पेटीत हायेत. लग्नानंतर मैदानात उतरली अशी आमच्या गावची एक पोरगी मला दाखवा. दोन्ही मिशा काढून ठेवतो. तवा बावीसचा सामना शीतलचा शेवटचा, हे मला ठाऊक हाय. तो तिनं माझ्या गावाकडून खेळावा, एवढ्यातच माझा जीव अडकलाय. यात तकलीफ होण्यासारखं तुमचं काय जातं?

तरी पंधरा तारीख मान्य. मुहूर्ताचं निमित्त मी काढलं तर बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं राहायला तोंड राहणार न्हाई. पण मग रीतही बराबर पाळायची. मांडवपरतणीला लेक माहेरी येते. अठराला मी जीप घेऊन येतो आणि पाच दिवस ठेवून घेतो. अठरावर पाच किती, हे तुमी लेकरांना शिकवलेलंच हाय.

लग्नात भेटूच. तिथं चारचौघांत हसून बोला, घरी जाऊन पाहिजे तेवढे दात खा.

जळबा

*

सिद्धेश्वर
१८ फेब्रुवारी २०२६

व्याह्यांना जय भीम. वि. वि.

शीतलच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. पाकीट संपलं, तशीच घडी घातली आहे.

लग्न छान झालं असं लोक म्हणतात. माझ्या माणसांना तुम्ही उन्हाकडं तोंड करून बसवलं, भात कच्चा होता, आणि वंदना संपते न संपते तोच तुमच्या पोरांनी शिरड शहापूर जिंदाबादच्या घोषणा दिल्या. नवरी-नवऱ्याच्या नावानं एक तरी द्यायची होती. चारचौघांत मी हसले. दात घरी येऊन खाल्ले, तुमच्या सांगण्याप्रमाणं.

तुम्ही पोटातलं लिहिलं, म्हणून मीही लिहिते. माझं माहेर साखरा गाव. लग्नाआधी हुतूतूत माझा दम तुटत नव्हता, पोरं लांबून बघायला यायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सांगितलं की सून उंबऱ्याच्या आत शोभते. त्याला बेचाळीस वर्षं झाली. अंगात राहिलेला तो खेळ आता माझ्या तोंडातून बाहेर पडतो, म्हणून मी खुर्चीवर चढते. तुम्ही म्हणता, शीतलचा हा शेवटचा सामना. माझ्या घरात तो पहिला आहे. सासरच्या नावानं खेळणारी सून मला या डोळ्यांनी बघायची आहे, आणि ती मी बघणारच.

ठेवा तिला पाच दिवस. पुरणपोळ्या खाऊ घाला. ती झोपते कुठं यावर यादी ठरत नाही. तिचं नाव आमच्या यादीत जाणार, लग्नाचा फोटो जोडून. तुमच्यानं होईल ते करा.

लेकीचा पाय मुरगळू देऊ नका. एवढं एक मनापासून लिहिलं आहे, बाकीचं रागानं समजा.

सोजराबाई

*

हिंगोली
२१ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांना आणि ती. आत्याबाईंना,
शीतलचा जय भीम. वि. वि.

कार्बन घालून लिहिलं आहे. रविंद्र आजच एक कागद शिरडला देईल, एक सिद्धेश्वरला, दोन्हींत अक्षर न अक्षर सारखं. नाहीतर उद्या कुणाला जास्त लिहिलं यावरून भांडाल. मी संगिताताईकडं आले आहे. रविंद्रनं गाडीवर सोडलं. त्याच्यावर चिडू नका, त्याला मीच म्हणाले.

काल मला कमिटीनं औंढ्याला बोलावलं होतं. टेबलावर दोन याद्या होत्या. बाबांनी माझं आधार कार्ड जोडलेलं, त्यावर गाव शिरड शहापूर. आत्याबाईंनी लग्नाचा फोटो आणि पत्रिका जोडलेली, त्यावर सिद्धेश्वर. दोन याद्यांत नाव आलं तर खेळाडू दोन्हींतून बाद, असा नियम आहे. कमिटीचा कागद दोघांनी वाचला, पण आपल्या कामाच्या ओळीपुरताच. सचिवांनी माझ्यासमोर लाल पेनानं दोन्हीकडं रेघ मारली. मी विचारलं, मग मी कोणत्या गावची? ते म्हणाले, घरच्यांना विचारा. म्हणून विचारते.

लग्नाची तारीख अडीच महिने अलीकडं आली, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. रविंद्र चांगला आहे, म्हणून मी गप्प बसले. पण कुणाकडून खेळतेस, एवढं तरी विचारायचं होतं. मी कुणाकडूनही खेळले असते. मला फक्त माझी राहिलेली चढाई पुरी करायची होती. त्या दिवशी मधली रेघ एका उडीवर होती आणि माझा दम शाबूत होता. डावीकडून शिट्टी फुंकत बाबा आले, उजवीकडून पदर खोचून आत्याबाई आल्या. पहिलं पाऊल कुणाचं, यावर तुम्ही भांडून राहिलात. मी मधोमध होते, मी बघितलं आहे. दोघांचं एकदमच पडलं. ती चढाई तुम्ही दोघांनी मिळून मोडली, आणि उद्याचीही दोघांनी मिळूनच मोडली. माझा राग कुणावर कमी, कुणावर जास्त नाही.

उद्या मी मैदानावर येणार आहे. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या जोडून ठेवल्या आहेत, त्यांवर तुमची नावं चिकटवली आहेत. शेजारी बसा आणि घसा बसेपर्यंत वरडा. तुमच्या गावांचं माझ्याशिवाय काय व्हायचं ते होऊ द्या.

सामना संपला, बक्षीस वाटून झालं आणि माणसं पांगली, की मी माझी चढाई पुरी करणार. घोटा उतरला आहे. अंगात कोणत्याच गावची जर्सी नसेल. पण पलीकडच्या अंगणात पकडायला कुणीतरी पाहिजे. आत्याबाई, अठराची तुमची चिठ्ठी मीच आणली, घडी उघडी होती, मी ती वाचली. संगिताताईचे बूट बाबांच्या पेटीतून मागवले आहेत, तुमच्या पायात बसतील. बेचाळीस वर्षं खुर्चीवर उभ्या राहिलात, उद्या खाली उतरा आणि माझी तंगडी धरून दाखवा.

बाबा, तुम्ही शिट्टी घेऊन या. पण रेघेच्या बाहेर थांबून वाजवा.

लोभ आपापल्या घरी जपून ठेवा, मला उद्या तुमचा वेळ पाहिजे.

दोन्ही याद्यांतून कटलेली,
शीतल