माझ्यावर पाळत आहे

३ मार्च, सकाळी

आजपासून मी सावध नागरिक. नवा कायदा येतोय म्हणे, सरकारला कुणाचाही फोन उघडून बघता येणार. लोक ढिम्म आहेत. कुणीतरी उभं राहायला हवं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी लावली.

दुपारी ऑफिसचा व्हिडिओ कॉल. साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे लाइट गेलीय का. पट्टी काढली. नंतर परत लावली तर चिकटेना. नवीन आणायची आहे.

४ मार्च

सगळे पासवर्ड बदलले. हिच्या फोनलाही सहा आकडी पिन मीच घालून दिला. ही नर्स आहे, शहराच्या आरोग्य खात्यात. घरोघर फिरून बाळंतिणी आणि म्हातारी माणसं तपासते. माणसं चांगली कळतात हिला, पण टेक्नॉलॉजीच्या बाबतीत आनंद आहे. पिन कुणाला ओळखता येऊ नये म्हणून हिची जन्मतारीख उलटी टाकली.

माझा स्वतःचा पासवर्ड इतका अवघड झालाय की संध्याकाळी मलाच आत जाता आलं नाही. म्हणजे व्यवस्था भक्कम आहे.

७ मार्च

ऑफिसात हजेरीला चेहरा बघणारं मशीन बसवलं. चेहरा द्यायचा नाही असं मी रात्रीच ठरवलं होतं. पण मागे रांग खोळंबली, म्हणून दिला. निषेध म्हणून डोळे मिटून. मशीनने घेतला नाही. एक डोळा उघडला. शिपाई म्हणाला, दोन्ही उघडा साहेब, मागच्यांना लेटमार्क लागतोय.

उघडले. तरी सुरुवातीचा निषेध कुठेतरी रेकॉर्ड झाला असणारच.

९ मार्च

'राज्यसंस्था आणि व्यक्ती' अशी खणखणीत पोस्ट टाकली. लाइक दोन. एक मेहुण्याचा, तो न वाचताच करतो. दुसरा माझ्याच हातून चुकून झाला. इतकी चांगली पोस्ट कुणालाच दिसत नाही याचा अर्थ सरळ आहे. वरून दाबली जातेय.

जेवताना ही सांगत होती, खात्याने सगळ्या सिस्टरांना फोन दिलेत आणि त्यात एक अ‍ॅप आहे. कोण कुठे आहे ते साहेबांना दिसत राहतं, ड्यूटी संपल्यावरही. नवीन लागलेली छोटी सिस्टर मधल्या सुट्टीत बाळाला पाजायला घरी गेली तर तिला मेमो आला. एकीला विचारलं, बाथरूममध्ये इतका वेळ काय करत होतात.

मी म्हणालो, हे बघ, मुद्दा फार मोठा आहे, तो असल्या किरकोळ गोष्टींत अडकवू नकोस. ही ताट घेऊन उठली. पटलं असावं.

१२ मार्च

समोर पांढरी व्हॅन. परवापासून हलली नाही. आत कुणी दिसत नाही, तेच संशयास्पद. आता खिडकीत जाताना इस्त्रीचा शर्ट घालतो. बघणाऱ्यांना कळू दे कुणाशी गाठ आहे.

१४ मार्च

व्हॅन खालच्या मजल्यावरच्यांच्या जावयाची. बॅटरी उतरलीय. निदान तसं सांगतात.

१६ मार्च, रविवार

हिने घरी शिवणवर्ग काढलाय. दहाबारा सिस्टर आल्या आणि बेडरूमचं दार लावून बसल्या. आमचं शिवणाचं मशीन तर कधीचं बिघडलंय. हाताने शिवत असतील. एकीनेही खात्याचा फोन सोबत आणला नव्हता. सरकारी वस्तू घरी टाकून फिरणं मला पसंत पडलं नाही, तसं बोलूनही दाखवलं. छोटी सिस्टर हसली. बाळ तेवढं माझ्याकडे दिलं. त्याला मी नागरिकाचे मूलभूत हक्क समजावून सांगितले. झोपलं.

१९ मार्च

हिने माझ्या शाळेतल्या वकील मित्राचा नंबर मागितला. मन भरून आलं. वरून दाखवत नाही, पण माझी काळजी करते. म्हणालो, वकील नको, माझा बचाव मी स्वतः करीन. ही म्हणाली, ते ठीक आहे, तरी नंबर द्या.

२४ मार्च

सरकारकडे रीतसर अर्ज केला. माझ्यावर कोणती फाइल उघडलीय, त्यात काय काय आहे, कळवावे. पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट बघितलं. नजर लक्षात ठेवली.

१ एप्रिल

बातम्यांत आरोग्यमंत्री. नर्सांनी त्या अ‍ॅपविरुद्ध कोर्टात जायची तयारी चालवलीय, त्यावर म्हणाले, 'काही घटक भोळ्या भगिनींना भडकवत आहेत. त्यांना शोधून काढू.'

घटक म्हणजे मी. माझी ती पोस्ट मंत्र्यांपर्यंत पोचली म्हणायची.

बॅग भरली. टूथब्रश, बीपीच्या गोळ्या, स्वेटर, वाचायचा चष्मा. आरशासमोर उभं राहून 'आधी वॉरंट दाखवा' याची प्रॅक्टिस केली. आवाज अजून थोडा खालून यायला हवा.

२ एप्रिल

ही आज फार गंभीर. माझ्यासमोर बसून म्हणाली, 'मी घरात नसताना कोणी आलं, तर माझ्या फोनला हात लावू देऊ नका. सगळ्यांची नावं त्यात आहेत. कोर्टात अर्ज जाईपर्यंत ती बाहेर पडली, तर एकेकीची नोकरी जाईल.'

शिवणवर्गाचं प्रकरण कोर्टात कशाला जातंय, विचारायचं राहून गेलं. पण शब्द दिला. म्हणालो, माझ्या देखत या घरात कुणी कागदाचा कपटाही हलवू शकणार नाही.

५ एप्रिल

अर्जाला उत्तर आलं. आपल्या नावे कोणतीही नोंद आढळत नाही. म्हणजे फाइल इतकी गुप्त आहे की ती नाहीच म्हणतात. मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, खरंच नसेल हो. बिचारा.

८ एप्रिल

अखेर आले. सकाळी, ही खाली दूध आणायला गेली होती तेव्हा. एक चष्मेवाले आणि एक बाई, दोघं साध्या कपड्यांत, फार सभ्य. मी म्हणालो, तयार आहे, बॅग भरलेली आहे. चष्मेवाल्यांनी विचारलं, कुठे गावाला निघालात का. मग म्हणाले, सिस्टर आहेत का घरात.

मी ओळखलं. मला बेसावध करायची ही त्यांची पद्धत.

बसवलं. माझी भूमिका मांडली. चष्मेवाल्यांनी मन लावून ऐकलं. आजवर इतकं कुणी ऐकलं नव्हतं, घरात तर नाहीच. म्हणाले, तुमचा या विषयाचा अभ्यास दिसतो. पासवर्ड कसे ठेवावेत, सामान्य माणसाला कळतच नाही हो. मी म्हणालो, अगदी साधं आहे. हिचा फोन तिथेच चार्जिंगला होता. जन्मतारीख उलटी टाकायची, हे त्यांना दाखवलं. बाई म्हणाल्या, अरे वा. आणि फोन हातात घेऊन बघत बसल्या. मधूनमधून आपल्या फोनने त्याचे फोटो काढत होत्या.

ही दूध घेऊन आली तेव्हा ते निघतच होते. आभार मानून गेले.

८ एप्रिल, रात्री

ही ओरडली नाही. ओट्याशी पाठमोरी उभी राहून एवढंच विचारलं, 'तुम्ही त्यांना काहीच विचारलं नाहीत?'

मी म्हणालो, विचारलं ना. चहात साखर किती.

वॉरंटचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण माणसं घरी आलेली.

११ एप्रिल

हिला सस्पेंड केलं. बाकीच्यांच्या बदल्या, लांब लांब. कोर्टातला अर्ज गेलाच नाही, सही करायला कुणी उरलं नाही. छोटी सिस्टर बाळाला आईकडे ठेवून उद्या निघतेय.

सहकार्य केलं म्हणून निदान अटक तरी झाली नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. हिला तसं म्हणालो. हिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मीही ते परत म्हटलं नाही.

संध्याकाळी 'आमच्या घरी पाळत' अशी पोस्ट टाकली. चारशे लाइक. लोक लिहितायत, लढत राहा, आम्ही तुमच्यासोबत आहोत. एका मंडळाने भाषणाला बोलावलंय. हिला वाचून दाखवायला गेलो तर दार आतून लावलेलं.

१५ एप्रिल

ही सकाळीच आवरून बाहेर निघाली. विचारलं, कुठे. चपला घालता घालता म्हणाली, 'तुम्हाला माहीत नसलेलंच बरं. पुन्हा कोणी आलं तर तुम्ही खरंखुरं सांगू शकाल की ठाऊक नाही.' तिच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसं समजावत होती.

पिन बदललाय. कुणाकडून बदलून घेतला, तेही सांगितलं नाही. जेवायला येशील का, एवढं तरी सांग म्हणालो. तेही सांगितलं नाही.

दोघांचा कुकर लावला. आठ वाजून गेलेत. मला फार वाईट वाटतंय, आणि हे कुठे पोस्ट करता येत नाही.