आबांनी बोललेला नवस

आबा, उद्या माझा रिपोर्ट येणार आहे. घशातल्या गाठीचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या लेकीनं तुम्हाला पाहिलेलंही नाही, तरी आज कागद घेऊन तुम्हालाच लिहायला बसले आहे. माय आत झोपली आहे. नवरा आणि लेक क्रांती चौकात गेलेत, तिच्या शाळेच्या प्रकल्पाला थर्माकोल आणायला. मला डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. दिवसभर बडबड करून पोट भरणाऱ्या बाईला कुणीतरी गप्प बसवलं, म्हणून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता. हसण्यासारखं आहेही. पण मला भीती वाटते, आबा. सकाळी डोळे उघडले की आधी हात गळ्याकडे जातो, आणि मग दिवसभर कुणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेतानं तिथंच जात राहतो. बाहेरून काहीच लागत नाही. ती आत आहे, जिथून आवाज निघतो तिथं.

सुरुवात अगदी साधी होती. घसा बसणं हे आमच्या पेशात आजारात धरत नाहीत. माझी शाळा वाळूजच्या अंगाला आहे, वर पत्रे, बाजूनं कंपन्यांच्या बसगाड्या, आणि वर्गात पन्नासेक पोरं. त्यातली निम्मी घरी वेगळीच बोली बोलणारी, कारण आईबाप कामासाठी कुठून कुठून आलेले. तिथं हळू बोलणारी बाई टिकत नाही. दरवर्षी आमच्यातली कुणी ना कुणी गळ्याला मफलर गुंडाळून, तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून फिरत असते. यंदा ती पाळी माझी, एवढंच मला वाटलं. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, मेडिकलवाल्यानं हातावर ठेवलेल्या गोळ्या झाल्या. सहामाही परीक्षा उरकल्या तरी आवाज फाटकाच. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत येईल जाग्यावर.

सुट्टीत आम्ही कोकणात गेलो. लेकीला समुद्र बघायचा होता. समुद्र कसा असतो ते तुम्हाला मला नीट सांगता यायचं नाही. तुमची हयात देवगाव रंगारीच्या माळांवर मेंढरांमागं गेली, आणि पाणी म्हटलं की विहीर नाहीतर नदीतला डोह. त्या दिवशी नवरा नारळपाणी आणायला गेला होता आणि मी सगळ्यांच्या चपला सांभाळत वाळूत बसले होते. लेक लाटांशी खेळत पुढं पुढं चालली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मी उभी राहून हाक मारली. आवाज आला नाही. पोटातून जोर लावला, तर पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघावी तशी नुसती हवा निघाली. मी पळत सुटते आहे, वाळूत पाय रुततात, मी पुन्हा हाक मारते आणि पुन्हा काहीच नाही. शेजारच्या कुठल्याशा बाईनं माझं तोंड बघून आरडाओरडा केला तेव्हा लेक मागं वळली. तिला काही झालं नाही. हसत हसत बाहेर आली आणि म्हणाली, "मम्मी, तू का नाही बोलावलं?" त्या दिवशी जी भीती मनात बसली ती अजून उठलेली नाही.

परत आल्यावर डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला. नंतर भूल देऊन गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. बोलून बोलून अशा गाठी शिक्षकांना होतात म्हणाले, बहुतेक साधीच असेल म्हणाले. ते भले गृहस्थ आहेत. पण या 'बहुतेक'चं मी काय करू? नवरा त्यातला 'साधीच' तेवढा उचलतो आणि मी 'बहुतेक'. दोघं एकाच खोलीत बसून एकच वाक्य ऐकून आलो होतो.

बंदी असूनही थोडे दिवस शाळेत जाऊन बसले, कारण घरी बसलं की डोक्यात किडे वळवळतात. टेबलावर घंटी ठेवली, बाकी सगळं खडूनं फळ्यावर. आणि मजा बघा, मी बोलत नाही म्हटल्यावर पोरंही कुजबुजत बोलायला लागली. उत्तर कुजबुजत, भांडणं कुजबुजत. एक चिमुरडी माझ्या कानाशी येऊन विचारते, "मॅडम, तुमचा आवाज कुठं गेला?" मागच्या बाकावरची तिला दटावते, "चूप बैठ ना गे, मॅडम का गला दुखरा." मी हसले, आणि लगेच तो शांत वर्ग बघून मनात आलं, उद्यापासून कायमचं हे असंच असलं तर?

इथवर सगळं दवाखान्याचं होतं, आबा. पुढचं तुमचं आहे. एका सकाळी माय मेथी निवडत बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुझ्या बापानं नवस बोलला व्हता तुझ्या वाचेसाठी. काय बोलला त्ये मला सांगितलं नाय. फेडला का नाय त्येबी ठाव नाय." मग काड्या बाजूला सारत म्हणाली, "देवानं दिलेलं देव माघारी मागतोय का काय, कुणाला ठाव."

तिला मी काय बोलणार? बोलायलाच बंदी. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तुम्ही नवस बोलला होतात हे मलाही अर्धवट आठवतं. पाच वर्षांची होईपर्यंत मी बोलत नव्हते. गावात मला मुकी म्हणायचे, आणि हिला पुढं कोण करून घेणार, असं मायच्या तोंडावर म्हणायचे. तुम्ही मला खांद्यावर बसवून इथं, शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला घेऊन आलात. आज मी त्याच देवळापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहते, आणि मधे सगळ्या बिल्डिंगा आहेत. तेव्हा नुसता डोंगर होता. मला जिभेवर ठेवलेल्या भंडाऱ्याची कडवट चव आठवते, तुमचा कान मी घट्ट धरला होता ते आठवतं, आणि देवापुढं हललेले तुमचे ओठ. आवाज नव्हता. नवस फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो, म्हणून तो फक्त तुम्हाला आणि देवाला माहीत. त्यानंतर काही महिन्यांत मी बोलले. माय अजून सांगते, एकदम पूर्ण वाक्य: "माय, भाकर करपली." तुम्ही हातातली काठी टाकून चुलीपाशी धावत आलात आणि ती करपलेली भाकर एकट्यानं खाल्लीत म्हणे.

नववीत असताना मी तुमच्यावरच उलटले होते. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की नवस-बिवस सगळं थोतांड. मी घरी येऊन तेच मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. तुम्ही लोकर कातरत होतात. कात्री थांबवली आणि म्हणालात, "देव खोटा आसंल तर आसू दे. आपन बोललेलं खोटं करायचं नाय." पुन्हा कात्री चालू. तेवढंच बोलणं. त्यानंतर मी शिकले, मास्तरीण झाले, आता मीच पोरांना सांगते की प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधायचं असतं. नवरा मला यावरून चिडवतो, "विज्ञानाच्या मॅडम, भंडारा लावून फिरताय व्हय?" मी कपाळ पुसत नाही. देवाला भिऊन नाही, तुम्हाला भिऊन.

मग मी कारण शोधायला लागले, माझ्याच पद्धतीनं. काय बोलला असाल? बकरू बोलला असाल तर ते जत्रेत कधीच गेलं असेल. पायी यायचं बोलला असाल तर तुम्ही दरवर्षीच पायी यायचात. आणि मग एक गोष्ट मनात आली, ती मी नवऱ्यालाही लिहून दाखवली नाही. जुन्या काळी माणसं खंडोबाला पोरगीच सोडायची. मुरळी म्हणून. वाचा दे, तुझ्या दारात नाचायला देतो. तुम्ही असं करणार नाही हे मला माहीत आहे. पण पोर मुकी असताना, लोक टोचून बोलत असताना बाप देवापुढं काय बोलून जाईल, हे कुणी सांगावं? मी स्वतः आई आहे. समुद्रावर त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, तर मी काहीही देऊन टाकलं असतं. सकाळी केर काढताना, भाजी फोडणीला टाकताना हेच एक डोक्यात: ज्या गळ्यासाठी बोललात तोच गळा देव आता ओढून नेतोय. देणं तुमचं होतं आणि वसुली माझ्याकडून चालली आहे.

परवा चंपाषष्ठी झाली. दरवर्षीप्रमाणे वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, आणि सगळे साताऱ्याला. गावाकडून काकाही आले होते, तुमचे धाकटे. आता वाकलेत, पण फेटा तसाच तिरका बांधतात. पुरुषांनी तळी उचलली, येळकोट येळकोट झालं, भंडाऱ्यानं सगळं आवार पिवळं झालं. सगळे ओरडत होते आणि मी नुसते ओठ हलवत होते. मनात ठरवून आले होते की देवाला सांगायचं, आमच्या बापानं जे काही बोललं असेल ते सांग, मी फेडते, पण एवढं माघारी घेऊ नको. तसं सांगितलंही. मग काकांना एका बाजूला घेऊन मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: आबांनी माझ्यासाठी काय नवस बोलला होता?

काकांनी मोबाइल लांब धरून वाचलं. मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "शपथ घातली व्हती त्यानं मला. पन आता त्योच गेला, शपथ कुनाची पाळू?" आणि म्हणाले, "तुझा बाप गायचा, माहितीय का तुला? लई गायचा. जत्रंत ओव्या म्हनाय बसला की शेजारच्या गावची मान्सं यायची. तुला वाचा फुटली अन् त्यानं गानं सोडलं. म्या लई भांडलो त्याच्यासंगं. मंग सांगितलं, देवाला देऊन टाकलं म्हनून. माझा गळा घे अन् पोरीला दे, आसं बोललो व्हतो म्हनला."

माय शेजारीच होती. "गायचा की," ती म्हणाली, "पन फुडं त्येचा घसा गेला."

"घसा कुटं गेला, वैनी," काका म्हणाले. "तुमास्नी तसं सांगितलं त्यानं."

आबा, मी तुम्हाला एकदाही गाताना ऐकलं नाही. जत्रेत सगळे गोल करून बसलेत, ढोल वाजतोय, आणि तुम्ही कडेला मांडीवर बोटांनी ताल धरून गप्प बसलाय, हे मला दिसतं. आमच्या आबांना गाता येत नाही, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे. मी नोकरीला लागल्यावर तुम्ही एकदा न सांगता माझ्या शाळेत आलात, खिडकीबाहेर उभं राहून माझा तास ऐकलात, आणि जाताना म्हणालात, "आवाज पार रस्त्यापत्तोर येतोय तुझा." मला वाटलं, बापाला वर्गात काय शिकवलं ते कळलं नाही म्हणून आवाजाचं बोलले. आता ते वाक्य आठवलं की मी नळ सोडून तोंड धुते, कारण डॉक्टरांनी रडायलाही मनाई केली आहे.

म्हणजे तुम्ही फेडला होतात. बोललात तसा, शेवटपर्यंत. देणं राहिलेलं नाही. काका म्हणाले, "आता काळजी सोड." मायनं देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं, तिचा जीव भांड्यात पडला. परत येताना मी रिक्षात रडले, तेव्हा लेकीनं माझा हात धरला. सगळ्यांना वाटलं, मी तुमच्या आठवणीनं रडते आहे.

तसं नव्हतं, आबा. हे मी कुणाला सांगू शकत नाही आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. नवस राहिला असता तर मी तो फेडला असता. काहीही करून फेडला असता, आणि गाठ गेली असती. तुम्ही तो फेडून ठेवलात. मग ही गाठ आता कुणाची आहे? उद्या सकाळी डॉक्टर लिफाफा उघडतील तेव्हा देवाला द्यायला माझ्या हातात काहीच नाही. तुमच्या आयुष्यभराच्या गाण्याबद्दल कळलं, आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं की तुम्ही नवस न फेडता गात राहिला असतात तर बरं झालं असतं.