आधी घोड्याला पाणी

सोमवार, ८ मार्च १९५४

ऑर्विलबरोबर जेवलो. त्यानं आज निर्मात्यांना शिव्या घातल्या नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर. तीन वर्षांत पडद्यावर नाव नाही आणि आता लिहिलेल्या काउबॉयपटाच्या श्रेयावर दुसराच लेखक हक्क सांगतोय. नाव आलं नाही तर स्टुडिओ त्याला काढणार. "मग मेव्हण्याच्या दुकानात गाद्या विकेन," म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

गुरुवार, ११ मार्च

लेखक संघटनेकडून जाडजूड पाकीट. श्रेयाचा निवाडा करायचाय — तिघा पंचांपैकी मी एक. उघडून बघतो तर ऑर्विलचाच चित्रपट! दोघांचे खर्डे, नावं झाकलेली, फक्त 'अ' आणि 'ब'. सोबत अंतिम पटकथा. तिच्यात ज्याचं जास्त, नाव त्याचं. लेखक ओळखीचा असेल तर पंचानं बाजूला व्हायचं, असा नियम.

'अ'चा नायक खांद्यात गोळी घेऊन गावात शिरतो आणि आधी घोड्याला पाणी पाजतो. हा ऑर्विल! त्याचे सगळे नायक हेच करत आलेत.

शुक्रवार, १२ मार्च

थेल्मा म्हणाली, "पाकीट परत पाठव." बायकोचं बरोबर असणं हा या घरातला जुनाच त्रास आहे. पाठवलं नाही.

रविवार, १४ मार्च

दोन्ही वाचून झाले. 'ब' उजवा आहे — चांगलाच उजवा. घोड्यांचे लाड नाहीत, फालतू बडबड नाही. अंतिम पटकथेत बहुतेक त्याचंच आहे. कोण आहे कोण जाणे. त्याला पुढे कामं मिळतील, ऑर्विलला मिळणार नाहीत.

'अ' लिहून टाकलं. वाईट वाटलं, पण झोप लागली.

शुक्रवार, २६ मार्च

ऑर्विलचा फोन. हरला. दोन विरुद्ध एक.

"तो दुसरा माझ्याच हाताखाली शिकला," म्हणाला. "माझे घोडेसुद्धा उचलले त्यानं. मी मात्र या वेळी सगळे काढून टाकले होते. तूच कानीकपाळी ओरडायचास ना, घोडे पुरे म्हणून? बरोबर होतं तुझं, लायल."

काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, फार चांगलं लिहिलं होतंस.

मग म्हणाला, "तू कधी वाचलंस?"